एलीचे काम : आध्यात्मिक मार्गदर्शनावरील एका ग्रंथाचा परामर्श

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी अनेकदा वाचला आहे आणि त्यावर प्रवचनेही केली आहेत. बहुधा आपण शमुवेलाविषयी बोलतो. एलीविषयी बोललोच तर त्याच्या मुलांच्या दुर्वर्तनाविषयी बोलतो. परंतु त्या रात्री एलीने जे केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याची दृष्टी मंद झालेली आहे. परमेश्वराची हाक त्याला ऐकू येत नाही. ती मुलाला येते. मुलगा मात्र ती एलीचीच समजून तीन वेळा त्याच्याकडे धावत येतो. दोनदा एली त्याला पुन्हा निजावयास पाठवितो. तिसऱ्या खेपेस त्याच्या ध्यानात येते की, हाक मारणारा दुसराच कोणी आहे. मग तो मुलाला परमेश्वराचा निरोप सांगत नाही, कारण तो त्याला ठाऊकच नाही. पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यावे एवढेच तो सांगतो, आणि मुलाला त्याच्या जागी परत पाठवितो.

एका माणसाने दुसऱ्याला त्याच्या देवाशी असलेल्या नात्यात साहाय्य करणे, ज्याला ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात, त्याचे मर्म या प्रसंगात आले आहे असे आम्हांस वाटते. या विषयावरील एका ग्रंथाचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे. विल्यम बॅरी व विल्यम कॉनोली या दोन अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरूंचा ‘द प्रॅक्टिस ऑफ स्पिरिच्युअल डायरेक्शन’ हा ग्रंथ १९८२ साली प्रथम प्रसिद्ध झाला व २००९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे १९७१ साली स्थापन झालेल्या एका केंद्रात आध्यात्मिक मार्गदर्शकांना शिक्षण देताना या दोघांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जो अनुभव आला, त्यातून तो सिद्ध झाला. बॅरी यांचे २०२० साली निधन झाले; ग्रंथ मात्र या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. तो आपल्याकडील धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या कितपत कामाचा आहे, आणि कोठे तो आपल्याला अपुरा पडतो, हे पाहावयाचे आहे.

ग्रंथकर्त्यांची भूमिका थोडक्यात अशी. मार्गदर्शन म्हणजे उपदेश नव्हे, धर्मशिक्षण नव्हे, पापनिवेदन नव्हे आणि अडचणींवर तोडगा काढणेही नव्हे. देव प्रत्येक माणसाशी व्यक्तिशः संपर्क साधीत असतो, हा त्यांचा मूळ विश्वास आहे. त्या संपर्काकडे लक्ष देणे, त्याला प्रतिसाद देणे, त्या देवाशी जवळीक वाढविणे आणि त्या नात्यातून जे निष्पन्न होते ते जीवनात उतरविणे, या चार गोष्टींत एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला केलेली मदत म्हणजे मार्गदर्शन. म्हणून मार्गदर्शकाने प्रथम विचारावयाचे ते देवाविषयीचे मत नव्हे, अनुभव. ‘देव दयाळू आहे यावर तुमचा विश्वास आहे ना?’ हा प्रश्न धर्मशिक्षणाचा झाला. ‘आज तुम्ही प्रार्थनेला बसलात तेव्हा काय झाले?’ हा मार्गदर्शनाचा प्रश्न होय. पहिल्याला बरोबर उत्तर असते आणि ते पाठ करता येते. दुसऱ्याला पाठ केलेले उत्तर देता येत नाही.

हा भेद आपल्याला विशेष उद्बोधक आहे. मराठी व कोंकणी भाषांतील ख्रिस्ती वाङ्मयाची मुहूर्तमेढ शिकवणुकीतूनच रोवली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, आणि त्यांची कोंकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाली. ही परंपरा थोर आहे आणि तिच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु चारशे वर्षे प्रश्नोत्तरांत वाढलेल्या आपल्या सेवेला एक सवय जडली आहे: समोरचा माणूस प्रश्न घेऊन आला की आपण उत्तर देतो. तो प्रश्न नव्हताच, तर त्याच्या अंतरात चाललेल्या एका संवादाचा तुकडा होता, असे कधी कधी असते. आणि आपल्या उत्तराने तो संवाद मध्येच तुटतो.

ग्रंथाचा पहिला मोठा गुण म्हणजे चिंतन या शब्दाला त्याने दिलेला साधा अर्थ. चिंतन म्हणजे स्वतःच्या अंतरंगात खोल उतरणे असा आपला समज असतो. ग्रंथकर्ते म्हणतात की, ते प्रथम स्वतःबाहेर पाहणे आहे. शेतकरी चढत्या ढगाकडे किंवा आई झोपलेल्या लेकराकडे पाहताना स्वतःला जशी विसरते, तसे येशूकडे, वचनाकडे, सृष्टीकडे पाहणे. असे पाहणाऱ्या माणसाच्या मनात काही ना काही उमटतेच: आनंद, भीती, ओढ, राग. ते जसे उमटले तसे देवाला सांगणे, ही त्यांच्या मते प्रार्थनेची सुरुवात. यात विद्वत्तेची अट नाही. अक्षरशत्रू आजीबाईही हे करू शकते, आणि पदवीधर धर्मगुरूही यात कच्चा असू शकतो.

दुसरा गुण म्हणजे ‘विरोधा’चे विवेचन. एखादा तरुण काही आठवडे उत्साहाने प्रार्थना करतो, एके दिवशी देवाच्या सान्निध्याने भारावून जातो आणि दुसऱ्याच आठवड्यापासून त्याला वेळ मिळेनासा होतो. आपण त्यास आळस म्हणतो व त्याची कानउघाडणी करतो. ग्रंथकर्ते निराळे निदान करतात. देव जवळ आला म्हणूनच माणूस मागे सरला. जवळिकीने आता काहीतरी बदलावे लागणार याची त्याला चाहूल लागली. हे मागे सरणे दोष म्हणून झोडपण्याचे नसून त्याच्याकडे त्या तरुणासह शांतपणे पाहावयाचे असते. एदेन बागेत झाडांआड लपलेल्या आदामाला परमेश्वराने प्रथम तू कोठे आहेस असे विचारले, हे येथे आठवते.

तथापि या विचारांत मूलतः नवीन काय आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते फारसे नाही, आणि हीच त्यांची बळकट बाजू होय. संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या पुस्तकाच्या आरंभी वीस सूचना आहेत. पंधराव्या सूचनेत त्यांनी साधना देणाऱ्यास बजावले आहे की, त्याने साधकाला या किंवा त्या जीवनमार्गाकडे झुकवू नये; तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि निर्मात्याला आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. दुसऱ्या सूचनेत ते सांगतात की, प्रसंगाचे निरूपण आटोपशीर करावे, कारण साधकाने स्वतः शोधून चाखलेले थोडे हे दुसऱ्याने भरविलेल्या पुष्कळापेक्षा अधिक तृप्ती देते. सतराव्या सूचनेत तर, साधकाच्या मनात उठणाऱ्या निरनिराळ्या प्रेरणांची माहिती मार्गदर्शकाला असावी, पण त्याच्या पापांची व खाजगी विचारांची चौकशी त्याने करू नये, अशी मर्यादाच घातली आहे. बॅरी व कॉनोली यांनी या जुन्या सूचनांवरची धूळ झटकली असे म्हणणे अधिक योग्य होईल.

आणि इग्नेशियसांनी हे लिहिले ते काही धर्मगुरूपदाच्या अधिकाराने नव्हे. मान्रेसा येथील १५२२-२३ मधील एकांतवासात जे त्यांना उमगले, ते ते सामान्य प्रापंचिक म्हणून लोकांना सांगत फिरत. त्याबद्दल १५२७ साली आल्काला व सालामांका येथे त्यांची चौकशी झाली व दोन्ही ठिकाणी त्यांना बंदिवास घडला. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना त्यानंतर दहा वर्षांनी, १५३७ साली मिळाली. आमच्या धर्मशिक्षक बंधुभगिनींनी हे लक्षात ठेवावे. मार्गदर्शन हे केवळ झगा घालणाऱ्यांचे काम आहे असे परंपरा म्हणत नाही.

मार्गदर्शक चुकला तर काय होते याचीही नोंद त्याच शतकाने करून ठेविली आहे. आविलाच्या संत तेरेजा यांनी आपल्या आत्मचरित्रात अर्धशिक्षित पापनिवेदकांनी आपले किती नुकसान केले ते स्पष्ट लिहिले आहे. त्यांना होणारी ख्रिस्तदर्शने सैतानाकडून येतात असे ठरवून एकाने त्यांना त्या दर्शनापुढे तिरस्काराची खूण करावयास लाविले, आणि प्रभूवर प्रेम करणाऱ्या त्या स्त्रीने आज्ञापालन म्हणून तेही केले. क्रूसाचे संत योहान यांनी आत्म्याला वाट चुकविणारे तीन आंधळे सांगितले, त्यांत पहिला क्रमांक आध्यात्मिक मार्गदर्शकाचा आहे. सैतान त्याच्यानंतर येतो आणि आत्मा स्वतः तिसरा. घण मारण्यापलीकडे काही न येणाऱ्या लोहाराची उपमा त्यांनी अशा मार्गदर्शकाला दिली आहे. देव जेथे नाजूक काम करीत असतो, तेथे हा ठोकाठोक करतो.

येथवर ग्रंथाशी आमचे एकमत आहे. आता मतभेदाकडे वळू.

पहिला आक्षेप परिस्थितीविषयी आहे. ग्रंथात गृहीत धरलेला माणूस ठरल्या वेळी, ठराविक दिवसांनी मार्गदर्शकाकडे येतो. दोघे एका खोलीत निवांत बसतात. तो आपल्या भावनांविषयी मोकळेपणाने बोलू शकतो, कारण त्याला तशी भाषा लहानपणापासून मिळालेली आहे. बेळगावच्या बाजूच्या खेड्यांत किंवा हैदराबादच्या एखाद्या जुन्या वस्तीत हे घडत नाही. तेथे माणूस उपासनेनंतर पायरीवर रेंगाळतो, मयताच्या घरी रात्री जागताना बोलतो, बसच्या थांब्यावर मनातले सांगतो. स्त्रियांना तर धर्मगुरूशी बंद दाराआड तासभर बोलणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. भावनांची नावे आपली माणसे सहसा घेत नाहीत. ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले’ असे ती म्हणतात, आणि त्यात सर्व काही आलेले असते. या परिस्थितीतले मार्गदर्शन कसे असावे हे प्रस्तुत ग्रंथ सांगत नाही. तो दोष आम्ही ग्रंथकर्त्यांना देत नाही. आपल्या परिस्थितीचा ग्रंथ आपणच लिहावयास हवा. इग्नेशियसांची अठरावी व एकोणिसावी सूचना त्याला आधार देईल. साधना माणसाच्या वयाला, शिक्षणाला व कुवतीला जुळवून द्यावी, आणि कामाधंद्यात गुंतलेल्याला ती दिवसाकाठी दीड तास काढून घरी राहूनही करता यावी, असे त्यांत सांगितले आहे.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या परिभाषेविषयी आहे. बॅरी स्वतः त्या शास्त्राचे पदवीधर होते, आणि मार्गदर्शक व साधक यांच्या नात्यात जुन्या नात्यांची छाया कशी पडते याचे त्यांनी केलेले विवेचन निःसंशय उपयुक्त आहे. साधक मार्गदर्शकात आपला कठोर बाप पाहतो, आणि मार्गदर्शकालाही नकळत बाप होणे आवडू लागते, हे कोणता अनुभवी धर्मगुरू नाकारील? परंतु अर्धवट वाचणाऱ्याच्या हाती ही परिभाषा म्हणजे लोहाराचा नवा घण होण्याची भीती आहे. मार्गदर्शन ही मानसोपचाराची स्वस्त आवृत्ती नव्हे, असा इशारा ग्रंथकर्त्यांनीच दिला आहे. तो वाचकाने विसरू नये.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रंथाचा वाचक स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची सवय असलेल्या समाजातला आहे. आपल्या भूमीत नेमकी उलट अडचण येते. येथे आध्यात्मिक वाटेवर मदत करणाऱ्यास ‘गुरू’ हा शब्द आहे. तो शब्द मोठा आहे. ज्ञानेश्वरांनी निवृत्तिनाथांना जो मान दिला त्यात गुरू आणि देव यांत अंतर राहत नाही. ‘धर्मगुरू’ हे नाव धारण करणारे आपण त्या मानाचा काही अंश आयताच मिळवितो. माणूस येतो आणि म्हणतो, ‘तुम्ही सांगाल तसे करतो.’ ही नम्रता आहे असे आपण समजतो. कित्येकदा ती नम्रता नसून देवासमोर स्वतः उभे राहण्याची भीती असते, आणि आपण ‘असे कर’ म्हणून त्या भीतीला आश्रय देतो. शमुवेल तिसऱ्यांदा धावत आला आणि एलीने आपणच हाक मारली असे सांगितले, असा तो प्रकार होतो.

मराठी मनाला दुसरी वाट अपरिचित आहे असेही नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी उपदेश केला तो स्वप्नात, असे परंपरा सांगते. तो गुरू जागेपणी त्यांच्याजवळ राहिला नाही. पुढील सर्व भांडण, रुसवा आणि मिठी थेट विठ्ठलाशी झाली. नारायण वामन टिळकांच्या बाबतीत १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व तो वाचण्यास सांगितले. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही. पुढे १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक हाती देऊन स्वतः नाहीसा होणारा तो प्रवासी मार्गदर्शक होता की नाही, यावर वाद घालता येईल. परंतु टिळकांनी ख्रिस्ताला गुरू मानले आणि मधल्या माणसाला त्या जागी बसविण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यात केवळ नम्रतेचा प्रश्न नाही, सत्तेचाही आहे. चर्चच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेने या बाबतीत दोन कुंपणे घातली आहेत. कलम २४० प्रमाणे सेमिनरीतील विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही किंवा त्यास काढून टाकावे की नाही, हे ठरविताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे वा पापनिवेदकाचे मत कधीही मागता येत नाही. कलम ६३० प्रमाणे संन्यस्तांच्या वरिष्ठांना आपल्या सभासदांस अंतःकरण उघड करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करण्याची मनाई आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य आहे, त्याच्यापुढे माणूस खरे बोलू शकत नाही. आणि ज्याने दुसऱ्याचे अंतःकरण पाहिले आहे, त्याने त्या ज्ञानाचा उपयोग सत्तेसाठी करता कामा नये. गावातील धर्मगुरू शाळेची नोकरी, शिफारशीचे पत्र, लग्नाची परवानगी या सर्व गोष्टींशी निगडित असतो. म्हणून ही कुंपणे सेमिनरीच्या भिंतींपुरती राहू नयेत, अशी आमची विनंती आहे.

येथे आमच्याच सेवेतील एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सीमाभागातील एका खेड्यात एक माता उपासनेनंतर आमच्याकडे आली. तिचा लहान मुलगा तापाने गेला होता. ती म्हणाली, ‘फादर, मला प्रार्थना होत नाही.’ आम्ही तिला धीर दिला, ईयोबाचे उदाहरण दिले, एक स्तोत्र नेमून दिले आणि जपमाळ सोडू नये असे सांगितले. या सर्वांस दहा मिनिटे लागली असतील. तिने हात जोडले व ती गेली. आम्हांस वाटले, काम चांगले झाले. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तिची गाठ पडली तेव्हा ती सहज म्हणाली, ‘त्या दिवशी मला देवावर खूप रागवायचं होतं फादर. तुमच्यासमोर रागवले असते तर बरं झालं असतं. तुम्ही स्तोत्र दिलंत, मग मी गप्प बसले. तीन वर्षं गप्पच होते.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही सांगितलेल्यात चुकीचे असे काही नव्हते. ईयोबाच्या मित्रांचेही बरेचसे बोलणे तसे बरोबरच होते. चूक ही की, देव आणि ती यांच्यात त्या क्षणी जे घडू पाहत होते, त्याच्यामध्ये आम्ही आमचे बरोबर उत्तर उभे केले. ‘प्रार्थना होत नाही म्हणजे काय होते?’ एवढे विचारून आम्ही थांबलो असतो तर ती रागावली असती, कदाचित ओरडली असती. आणि तीच तिची तीन वर्षांतली पहिली प्रार्थना झाली असती.

प्रस्तुत ग्रंथ वाचताना आम्हांस तिची पुन्हा पुन्हा आठवण झाली, आणि त्याचे मूल्यही आम्ही त्यावरूनच करतो. आपल्या खेड्यांविषयी, आपल्या गुरुपरंपरेविषयी त्यात काही नाही. त्याची परिभाषा काही ठिकाणी परकी आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी थांबावे, आणि माणसाला आपल्याकडे नव्हे तर देवाकडे वळवावे, हे तो चिकाटीने शिकवितो. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो वाचावा, आणि ज्यांना येत नाही त्यांना त्यातील सार मराठीत सांगावे. मात्र वाचणाऱ्याने एक अट पाळावी: दुसऱ्याला मार्गदर्शन करण्यापूर्वी, आपल्या स्वतःच्या प्रार्थनेत काय होते हे ज्याला सांगता येईल असा एक मनुष्य त्याने शोधावा. ज्याला कोणी कधी ऐकून घेतले नाही, त्याला दुसऱ्याचे ऐकणे फार अवघड जाते.

शेवटी पुन्हा एलीकडे वळतो. त्या रात्री त्याने शमुवेलाला परत पाठविले हे आपण पाहिले. सकाळी काय झाले तेही पाहावे. परमेश्वराने मुलाला जो संदेश दिला तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. मुलगा तो सांगण्यास भ्याला. एलीने त्याला काहीही न लपविता सर्व सांगावयास लाविले, आणि ऐकून, तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो, अशा अर्थाचे उद्गार काढले. मुलाला देवाचे ऐकावयास शिकविताना आपण काय ऐकणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या धर्मग्रामातील माणसे खरोखर देवाशी बोलू लागली तर ती आपल्याविषयी, आपल्या कारभाराविषयी आणि आपल्या उत्तरांविषयी काय ऐकून येतील, हे आपल्यालाही ठाऊक नाही. ते ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच या कामात पाऊल टाकावे.